वृद्धांना आपलीशी वाटणारी वस्ती

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील. शेजारीही काही वृद्ध माणसे राहत असतील. ती बाजारात, मशिदीत, बागेत किंवा दवाखान्यात एकटी जाऊ शकतात का? हे केवळ त्यांच्या प्रकृतीवर अवलंबून नसते. ते आपल्या वस्तीवरही अवलंबून असते.

जागतिक आरोग्य संघटनेने जगातील ३३ शहरांत वृद्धांच्या अडचणी जाणून घेतल्या. त्यांत आपल्या देशातील दिल्ली आणि उदयपूर ही शहरे होती. या माहितीवरून २००७ साली एक मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध झाली. रस्ते, वाहतूक, घरे, आरोग्यसेवा यांबरोबरच वृद्धांना मिळणारा आदर आणि समाजातील त्यांचा सहभाग यांचाही विचार तिच्यात केला आहे.

प्रथम रस्त्याकडे पाहू. पदपथ फार उंच असेल, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढता येत नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांनुसार पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. तुमच्या रस्त्यावरील पदपथ पट्टीने मोजून पाहा.

आता एक गणित करा. रस्ता १८ मीटर रुंद आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणारा तरुण तो १५ सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजी तेवढ्या वेळात १२ मीटरच जातात. सिग्नल १५ सेकंदांतच बदलला, तर त्या भर रस्त्यात अडकतात! म्हणून सिग्नलची वेळ हळू चालणाऱ्यांचा विचार करून ठरवावी लागते.

वाटेत बसायला बाक हवा. जवळपास स्वच्छ शौचालय हवे. ते नसेल, तर अनेक वृद्ध पाणी कमी पितात किंवा बाहेर जाणेच टाळतात. फजरच्या नमाजेला निघणाऱ्या आजोबांना गल्लीत दिवा हवा आणि गटारावर झाकण हवे. म्हातारपणी पडल्याने खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. बाहेर जाणे बंद झाले, की मित्र भेटत नाहीत. मग भरल्या घरातही माणूस एकटा पडतो.

बाक आणि दिवे नगरपालिका बसवते. त्यासाठी वस्तीतील लोक अर्ज करू शकतात. पण काही गोष्टी तुमच्याच हातात आहेत. सायकल पदपथावर उभी करू नका. केळीची साल रस्त्यावर टाकू नका. बसमध्ये वृद्धांना जागा द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी असलेला १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरात लावा.

आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे, वाटेत भेटणाऱ्या वृद्धांना सलाम करा, त्यांची विचारपूस करा. ओळखीची माणसे भेटतील या आशेनेच तर ते घराबाहेर पडतात.