चोरीचा आळ आणि राजीनाम्याचा कागद

संत तुकाराम नगरात माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला माणसे येतात. घरातला पहिला पदवीधर म्हणजे वस्तीचा लेखनिकच. गेल्या वर्षी एका लहान वर्कशॉपातला हेल्पर आला. स्टोअरमध्ये तांब्याच्या तारेचे बंडल कमी भरले होते. गेटवरच्या झडतीत त्याच्या डब्यात भाकरीच निघाली, तरी साहेब म्हणाले, "राजीनामा दे, पोलिसांत देत नाही." त्याला ती मेहेरबानी वाटली. "सर, अब्रू तरी वाचंल."

ती वाचत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. राजीनामा दिला की आरोपपत्र नाही, आरोपपत्र नाही म्हणून चौकशी नाही. मग माणूस निर्दोष ठरणार कोठे? आळ मात्र पुढच्या गेटवर त्याच्या आधी पोहोचतो. (१८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली गेला. झडती घेणाऱ्याची नजर अजून तीच आहे.)

म्हणून आरोप लेखी मागावा. लेखी आरोपाला खुलासा देता येतो, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. चौकशी न करता काढून टाकले आणि वाद कामगार न्यायालयात गेला, तर तेथे चोरी सिद्ध करण्याचे ओझे मालकावरच पडते. खोट्या पुराव्याने कामगाराला फौजदारी खटल्यात गुंतवून काढणे, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली.

कोलारच्या भारत गोल्ड माइन्समधील सुरक्षा अधिकारी कॅप्टन एम. पॉल अँथनी यांच्यावर १९८५ साली सोने चोरल्याचा आरोप आला. निलंबनात निर्वाह भत्ता दिला नाही, त्यामुळे केरळातून चौकशीला येणे त्यांना जमले नाही. एकतर्फी चौकशी होऊन १९८६ साली ते बडतर्फ झाले. १९८७ साली फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी कंपनीने परत घेतले नाही. अखेर १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने थकीत पगारासह त्यांना कामावर घेण्याचा आदेश दिला. एका भत्त्याअभावी तेरा वर्षे गेली! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा भत्ता पहिले ९० दिवस निम्मा पगार व पुढे ७५ टक्के असा आहे. पण ते प्रकरण ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते. आमच्या हेल्परचे वर्कशॉप त्यात बसत नाही.

त्याने राजीनामा दिला नाही. "आरोप लेखी द्यावा" एवढाच अर्ज आम्ही दिला आणि पोच घेतली. आठ दिवसांनी बंडल दुसऱ्या शिफ्टच्या नोंदीत सापडले. त्याला कामावर बोलावले, तेही तोंडी. आरोप मागे घेतल्याचे पत्र आम्ही मागितले आहे. तिसरा अर्ज परवाच दिला.