केशारोपण : केस नवे येत नाहीत, जागा बदलतात

केशारोपणाने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढायचे आणि पुढे किंवा माथ्यावर लावायचे, एवढीच ती शस्त्रक्रिया आहे. मी ती करून घेतली आहे आणि मला तिचा फायदा झाला आहे. त्यामुळे ओळखीतली तरुण मुलं चौकशीला येतात. पैसे किती, दुखतं का, रजा किती लागते, हे सगळं ती विचारतात. पण केस येणार कुठून, हे क्वचितच कुणी विचारतं. बहुतेक गैरसमजांचं मूळ तिथेच आहे.

आधी हे लावलेले केस टिकतात का, ते पाहू. पुरुषांना पडणारं टक्कल डीएचटी या हार्मोनमुळे पडतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरातच तयार होणारं हे हार्मोन कपाळाकडच्या आणि माथ्यावरच्या मुळांना हळूहळू बारीक करत जातं. मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही कानामागे केसांची झालर उरते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५२पासून हे केस पुढे लावून पाहिले आणि १९५९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : मूळ पुढे नेलं तरी त्याचा स्वभाव मागचाच राहतो. आजचं सगळं केशारोपण या एका निरीक्षणावर उभं आहे. मात्र केस स्वतःचेच हवेत. दुसऱ्याचे लावता येत नाहीत, अगदी सख्ख्या भावाचेही. परक्या पेशी शरीर नाकारतं, आणि केसांसाठी जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणं कुणालाच परवडणारं नाही.

‘टक्कल म्हणजे अंगात पुरुषी हार्मोन जास्त’ हा समजही याच विषयातला. टक्कल पडणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात हार्मोनचं प्रमाण इतरांएवढंच असतं. फरक असतो तो मुळांच्या संवेदनशीलतेत. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२मध्ये दाखवलं होतं, की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस मागे हटू लागतात. हार्मोन आणि आनुवंशिकता, दोन्ही लागतात.

आता मुख्य गोष्ट. तरव्यातली रोपं उपटून खाचरात भाताची लावणी करतात, तसंच हे काम आहे. फरक इतकाच, की इथला तरवा पुन्हा पेरता येत नाही. मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. निरोगी डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८० ते १०० केसगुच्छ असतात. एका गुच्छात एक ते चार केस असतात आणि या गुच्छालाच ग्राफ्ट म्हणतात. मागचा भाग विरळ दिसू न देता बऱ्याच माणसांकडून आयुष्यभरात मिळून साधारण ६,००० ग्राफ्ट काढता येतात. काहींकडून थोडे जास्त, काहींकडून बरेच कमी. मोठं टक्कल २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे म्हटले तरी ८,००० लागतील. म्हणजे हिशेब बसतच नाही. ‘पूर्वीसारखे दाट केस’ असं आश्वासन देणाऱ्याने हे गणित एकतर केलेलं नसतं किंवा तुम्हाला सांगितलेलं नसतं. जाहिरातीतला मोठा आकडा ग्राफ्टांचा आहे की केसांचा, हेही विचारून घ्यावं, कारण २,००० ग्राफ्ट आणि ४,००० केस ही बरेचदा एकच गोष्ट असते. दिलासा एवढाच, की मूळच्या निम्मी दाटी असली तरी डोकं भरलेलं दिसतं.

म्हणून बावीस-तेविसाव्या वर्षी ‘लग्नाआधी उरकून टाकू’ म्हणून घाई करणाऱ्या मुलांची मला खरोखर काळजी वाटते. स्थळं पाहताना फोटोत कपाळ मोठं दिसतं, घरचेही कुजबुजतात, ते दडपण मला माहीत आहे. पण त्या वयात टक्कल कुठवर जाणार, याचा अंदाज येत नाही. कपाळावर खाली दाट रेघ लावून घेतली आणि पाच-सात वर्षांत तिच्यामागचे मूळचे केस गेले, की पुढे पट्टा आणि मागे मोकळं मैदान उरतं. ते भरायला तोवर ग्राफ्टही संपलेले असतात. माझ्या कपाळावर डॉक्टरांनी मार्करने रेघ आखली ती भुवयांच्या चार बोटं वर, आणि दोन्ही बाजूंचे कोपरे मुद्दाम मागे ठेवले. मी रेघ थोडी खाली घ्या म्हणून आग्रह धरला. ते म्हणाले, “आत्ता नाही, पन्नाशीतल्या चेहऱ्यावर ही रेघ कशी दिसेल ते बघा.” असं स्पष्ट नाही म्हणणारा डॉक्टर मिळाला, तर त्याला सोडू नये.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दुखतात ती भुलेची इंजेक्शनं, कारण टाळूला मांस कमी आणि नसा जास्त. ती पहिली काही मिनिटं खरंच अवघड असतात. मग नुसता दाब जाणवतो आणि ग्राफ्ट काढणाऱ्या, एक मिलिमीटरहून बारीक पंचची घरघर ऐकू येते. मधल्या सुट्टीत मला काढलेले ग्राफ्ट दाखवले. थंड सलाईनने भिजवलेल्या गॉजवर दहा-दहाच्या ओळी मांडलेल्या होत्या, प्रत्येक ग्राफ्ट तांदळाच्या कणीहून लहान. एक केसवाले वेगळे ठेवले होते, कारण कपाळाची कड त्यांनीच बनते. दोन-तीन केसवाले त्यांच्या मागे लागतात. जुन्या काळी चार मिलिमीटरचे मोठे तुकडे लावत, त्यामुळे डोकं बाहुलीसारखं दिसे. आज कड नैसर्गिक दिसते ती या निवडीमुळे आणि केस कोणत्या कोनात रोवला त्यामुळे.

‘मेंदूला इजा होते’ ही भीती निराधार आहे. पंच जेमतेम चार-पाच मिलिमीटर, म्हणजे त्वचेपुरताच आत जातो. पण धोकाच नाही, असं म्हणणंही चूक आहे. खरा धोका भुलेच्या औषधाचा, ॲलर्जीचा आणि जंतुसंसर्गाचा. लिग्नोकेन या भुलेच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. ॲड्रेनॅलिनसोबत दिलं तरी किलोमागे साधारण सात मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नसतं. जितकं क्षेत्र मोठं आणि बैठक लांब, तितकं औषध जास्त लागतं. २०१९मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्याचा केशारोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ हा हट्ट धरू नये आणि डॉक्टरांनीही तो पुरवू नये.

ही शस्त्रक्रिया पार्लरमधलं काम समजून जे जातात, त्यांनी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या सप्टेंबर २०२२च्या सूचना लक्षात ठेवाव्यात. केशारोपण प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांसारख्या रीतसर प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावं. कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूब पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

‘लावलेले केस महिन्याभरात गळाले, म्हणजे फसलं’ हा समज सर्वांत जास्त मनस्ताप देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरते, आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात. आणि दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केसही गळतात. मूळ आत शाबूत असतं, ते फक्त विश्रांतीच्या अवस्थेत जातं. मला हे आधी सांगितलेलं होतं, तरी उशीवरचे केस पाहून पोटात गोळा यायचा. धाकटा भाऊ हळूच म्हणाला, “दादा, पैसे पाण्यात गेले का रे?” तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसू लागते आणि निकाल वर्षाअखेरीस कळतो; माथ्यावर दीड वर्षही लागतं.

‘एकदा केलं की औषधांची गरज नाही’ हेही खरं नाही. लावलेले केस टिकतात, पण शेजारचे मूळचे केस डीएचटीच्या तावडीतच असतात. ते राखायला मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधं वापरतात. बंद केली की परिणाम ओसरतो. फिनास्टेराइडमुळे थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, काहींना मन उदास होण्याचाही त्रास होतो. शिवाय ते प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा साधारण निम्म्यावर आणतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. दुकानातून परस्पर घेण्याचं हे औषध नाही.

बाकीचे समज थोडक्यात. हेल्मेट, टोपी आणि बोअरच्या पाण्याने टक्कल पडत नाही. गोटा केल्याने केस दाट येत नाहीत. वस्तऱ्याने काढल्याने केस दाट येत नाहीत, हे मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने १९२८मध्येच तपासून दाखवलं होतं. मामाला टक्कल म्हणून भाच्याला, यात तथ्य आहे पण अर्धवट : आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्राचा वाटा मोठा, तरी ब्रिटनमधल्या २०१७च्या अभ्यासात टक्कलाशी जोडलेल्या २८७ जनुकीय जागा सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक एक्स गुणसूत्रावर नव्हत्या. ‘टाके नाहीत म्हणजे व्रण नाही’ हेही खोटं. एकेक ग्राफ्ट काढण्याच्या पद्धतीत बारीक पांढरे ठिपके उरतात आणि केस अगदी बारीक कापले तर दिसतात.

काहींना केशारोपणाची गरजच नसते. डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. चाई हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आजार आहे. तो चालू असताना केस लावले तर तेही जाऊ शकतात. म्हणून आधी निदान, मग शस्त्रक्रिया.

खर्चाचं एकच सांगतो. उपचारांना जीएसटीतून सूट असली, तरी जन्मजात व्यंग किंवा अपघाताचं कारण नसेल तर केशारोपणाला ती मिळत नाही, आणि आरोग्यविमाही सहसा पैसे देत नाही. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी ग्राफ्टांचा आकडा, कर धरून एकूण खर्च, ग्राफ्टांसाठी छिद्रं पाडण्याचं काम स्वतः डॉक्टर करणार की सहायक, आणि मागच्या पट्ट्यात नंतरसाठी किती ग्राफ्ट शिल्लक राहतील, हे सगळं लेखी घ्यावं.