छोट्या विद्युत मॉडेल विमानासाठी मिटणारे लँडिंग गिअर : निवड कशी करावी?

उद्दिष्ट : आपल्या मॉडेलला मिटणारे गिअर हवे की नको, हे आकडेमोड करून ठरवता येणे.

१. प्रश्न

कोलकात्यात आमच्या विद्यार्थ्यांचा गट मॉडेल विमान करायला घेतो, तेव्हा पहिल्याच बैठकीत "सर, चाकं आत जाणारीच हवीत" असा आग्रह असतो. चाके आत गेली की त्यांचा ड्रॅग जातो, हे खरे. पण यंत्रणेमुळे वजन वाढते, आणि जादा वजन पेलायला लागणाऱ्या लिफ्टबरोबर प्रेरित ड्रॅगही वाढतो. मोठ्या विमानांतही हीच तडजोड दिसते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या संथ एचपीटी-३२ 'दीपक'ला स्थिर गिअर होते. त्याच कंपनीच्या वेगवान एचटीटी-४० ला मिटणारे आहे.

२. उदाहरण

समजा, वजन १.२ किग्रॅ, पंखविस्तार १.२ मी., स्पॅन दक्षता ०.८, हवेची घनता १.२२५ किग्रॅ/मी³. स्थिर गिअर म्हणजे ३ मिमी जाड, १०० मिमी लांब तारेचे दोन पाय आणि ५५ मिमी व्यासाची, १८ मिमी रुंद दोन चाके. ड्रॅग गुणांक तारेसाठी १.१ आणि चाकासाठी ०.५ धरला, तर गुणांक × समोरचे क्षेत्रफळ सुमारे ०.००१६५ मी² येते. मिटणाऱ्या यंत्रणेमुळे वजन १०० ग्रॅमने वाढते असे मानू. प्रेरित ड्रॅग वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो सुमारे १७ टक्के वाढेल.

• वेग १५ मी/से : गिअरचा ०.२३ न्यूटन ड्रॅग वाचतो. प्रेरित ड्रॅग ०.०५ न्यूटनने वाढतो. निव्वळ फायदा ०.१८ न्यूटन.
• वेग १० मी/से : वाचतो ०.१० न्यूटन, वाढतो ०.११ न्यूटन. फायदा संपला.

आता बॅटरीकडे पाहा. १५ मी/से वेगाला ०.१८ न्यूटन म्हणजे २.७ वॉट, मोटर व पंख्याची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास बॅटरीतून ५.४ वॉट. ८ मिनिटांच्या उड्डाणात बचत ०.७ वॉट-तास. तीन सेलच्या २२०० मिलिअँपिअर-तास बॅटरीत सुमारे २४ वॉट-तास असतात. म्हणजे बचत जेमतेम ३ टक्के. शिवाय स्टॉलचा वेग ४ टक्के वाढतो, म्हणजे उतरतानाही वेग जास्त ठेवावा लागतो.

निष्कर्ष : संथ ट्रेनरला स्थिर गिअरच योग्य. वेगवान किंवा खऱ्या विमानाची प्रतिकृती असलेल्या मॉडेललाच मिटणारे गिअर शोभते.

३. घ्यायचेच असेल तर

(अ) युनिटची वजनमर्यादा विमानाच्या बॅटरीसह एकूण वजनाशी ताडून पाहा.
(आ) स्क्रू फिरवून पाय हलवणारे विद्युत युनिट निवडा. बाहेरचा धक्का स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही, म्हणून पाय दोन्ही टोकांना आपोआप अडकून राहतो.
(इ) अशी बरीच युनिटे विद्युतप्रवाह वाढला की मोटर बंद करतात. चाक खाचेच्या काठाला घासले, तर पाय अर्ध्यावरच थांबेल. खाच सैल ठेवा आणि जमिनीवर वीस-पंचवीस वेळा चालवून पाहा.
(ई) बसवण्याची पट्टी नीट तपासा. १.३ किग्रॅचे विमान १ मी/से वेगाने खाली आले आणि पाय २० मिमी लवला, तर स्प्रिंगसारख्या पायावर कमाल बल सुमारे ६५ न्यूटन येते, म्हणजे वजनाच्या पाचपट! एकच चाक आधी टेकले तर सगळे बल त्याच पायावर. फोममध्ये नुसते चिकटवलेले युनिट उपटून येते. प्लायवूडची पट्टी स्पारला जोडा.

४. जमीन

कोलकात्याची माती गाळाची. जून ते सप्टेंबर गवत ओले असते. लहान चाक त्यात रुतते आणि पाय मागे वाकतो. आमच्या एका गटाचे विमान हवेत उत्तम उडाले, पण ओल्या गवतावर उतरताना युनिट प्लायवूडसकट निघाले. गवतासाठी चाक मोठे हवे. पण मोठ्या चाकाला पंखात जागा नसते. इथेच अनेकदा निवड ठरून जाते.

उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर हवाई क्षेत्र तपासा. दमदम व बेहाला हे दोन्ही विमानतळ शहराला लागून आहेत.

स्वाध्याय : वरील उदाहरणात पंखविस्तार १.५ मी. धरून फायदा संपतो तो वेग काढा. तो कमी का झाला, हे दोन वाक्यांत लिहा.