गाडी चालू होत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

मंडळी, समजा रात्री बावड्यातून पेशंटला अकलूजला न्यायचंय आणि दारातली गाडी चालू होत नाही. आधी १०८ला फोन करायचा. मग ती येईपर्यंत गाडीकडे बघायचं. पण आपण काय करतो? सेल्फवर सेल्फ मारत राहतो, आणि बॅटरीत उरलेली थोडी ताकदही घालवतो. त्यापेक्षा एकदा किल्ली फिरवून नीट ऐकू या.

पहिला प्रकार : इंजिन फिरतच नाही, नुसतं टक-टक वाजतं. आपण म्हणतो, ‘दिवे तर लागतायत, बॅटरी चांगली आहे.’ इथेच आपण फसतो. हेडलाइटच्या एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभर-दोनशे लागतात. म्हणून दिवे लावूनच किल्ली फिरवायची. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं झालंय. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर असेल तर ते साफ करून घट्ट बसवा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ते शेवटी. पुष्कळदा नव्या बॅटरीचा खर्च इथेच वाचतो. मीटर असेल तर बघा : उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या खाली असेल तर ती उतरलीय. दिवे लख्खच राहिले, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये शोधायचा.

दुसरा प्रकार : इंजिन जोमात फिरतं, पण पेट घेत नाही. इथे बॅटरीला दोष देऊ नका. टाकीत इंधन आहे का? पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागून पंपाची बारीक घरघर येते का? डिझेल संपून गाडी थांबली असेल, तर लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते.

तिसरा : चालू होऊन लगेच बंद पडते. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून बघा.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला नको, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो. म्हणूनच बॅटरीजवळ काडी ओढून बघायचं नाही.

एवढं करूनही गाडी चालू झाली नाही, तरी मिस्त्रीला फोनवर ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. ‘फिरत नाही’ की ‘फिरते पण पेटत नाही’, हे सांगा. निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.