पोरगं गप्प झालंय? वेळीच विचारा, मदतीची सुरुवात गावातल्या आशाताईपासून होते

धाराशिव : अंगात ताप भरला की घरचे लगेच दवाखाना गाठतात. पण तरणं पोरगं पंधरा दिवस गप्प बसलं, जेवेना, झोपेना झालं, तर "टेन्शन घेऊ नको, होईल सगळं नीट" एवढंच म्हटलं जातं. बोलण्यात माया असते, पण तेवढ्यानं आजार बरा होत नाही. मनाच्या आजारालाही तपासणी आहे, उपचार आहेत आणि त्याची पहिली पायरी गावातच आहे.

'प्रेरणा' प्रकल्प काय आहे?

शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागानं २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात मराठवाड्यातले आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा जिल्हे आहेत. आजारी माणूस दवाखान्यात येईल याची वाट बघायची नाही, आशाताईनंच घरी जाऊन विचारपूस करायची, ही त्यामागची कल्पना.

आशाताईकडे नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागतंय का? उदास वाटतं का? झोप कशी आहे? थकवा येतो का? भूक लागते का? आपण कुचकामी आहोत असं वाटतं का? लक्ष लागतं का? हालचाल मंदावली किंवा सारखी चुळबूळ होते का? आणि शेवटचा, जीव नकोसा वाटतो का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. एकूण २७ पैकी १० किंवा जास्त भरले तर डॉक्टरांना दाखवणं गरजेचं समजतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर बेरीज कितीही असो, थांबायचं नाही.

त्रास थोडा असेल तर समुपदेशन होतं. जास्त असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पुढं जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाकडं पाठवलं जातं.

तरण्या मुलांकडं जास्त लक्ष का?

जगातले निम्मे मानसिक आजार वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक वेळा ते ओळखूच येत नाहीत. पोरगं चिडतं, अभ्यासात मागं पडतं, तेव्हा घरात 'मस्ती चढलीय' असं म्हणून विषय संपवला जातो.

आपल्याकडं त्यावर घरच्या परिस्थितीचं ओझंही असतं. कुणी भरतीची तयारी करून चार वर्षांनी रिकाम्या हातानं गावी परतलेला असतो. कुणाचं लग्न जमत नाही, तर कुणा मुलीचं शिकायच्या वयातच उरकलेलं असतं. ऊसतोडीला गेलेल्या घरातली पोरं आजीजवळ मागं राहतात. पावसानं पीक गेलं की फी, कर्ज, बहिणीचं लग्न या सगळ्याची चर्चा त्यांच्या कानावर पडते. ती बोलत नाहीत, म्हणून त्यांना काही वाटत नाही असं समजू नये.

विचारायचं कसं?

चारचौघांत नको. शेतात, गाडीवर, दोघंच असताना विचारावं. "तू हल्ली गप्प असतोस, काय होतंय?" एवढं पुरे. मग ऐकून घ्यावं. मध्येच उपदेश नको, दुसऱ्याच्या पोराशी तुलना नको.

"मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवावीत, चावी दुसऱ्याकडं द्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

"वेड्याचा दवाखाना" आणि पोलिसांची भीती

उदासीनता म्हणजे वेड नव्हे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" म्हणत त्या सोडू नयेत. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारूनच बंद कराव्यात. देवाला जायचं असेल तर जावं, पण उपचार थांबवू नयेत.

जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झाला तर केस होईल म्हणून काही घरं दवाखान्यात जायलाच कचरतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. अशा वेळी लपवण्यात वेळ घालवू नये.

गावपातळीवर उपयोग होतो का?

होतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल सांगितलं, लोकांना उपचाराशी जोडून दिलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेलं. डॉक्टर रोज गावात आले नाहीत, गावानं विचारायला सुरुवात केली, एवढाच फरक होता.

हे काम बचत गट, शाळेतले गुरुजी, भजनी मंडळ, तालमीतले मित्र, कुणीही करू शकतं. ज्या घरात कुणी गेलंय, तिथं तर दहाव्या-तेराव्यानंतरही जात राहावं. गर्दी ओसरते तेव्हाच त्या घरातली लेकरं एकटी पडतात.

हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा

टेलिमानस : १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.
आरोग्य सल्ला : १०४
लहान मुलांसाठी : १०९८
जिवाला धोका असेल तर : ११२