उसांतील साखर आणि पाणी

पाणी पदार्थ विरघळवितें हें आपण जाणतोंच. परंतु कित्येक पदार्थांच्या रेणूंशीं संयोग पावून तें त्यांचे तुकडेही करितें. ह्या क्रियेस जलीय विच्छेदन म्हणतात. तिचें उदाहरण पाहण्यास परळी वैजनाथच्या परिसरांतील उसाच्या फडापलीकडे जावयास नको.

साखरेचा रेणू म्हणजे द्राक्षशर्करा व फलशर्करा ह्यांची जोडी होय. तोडलेला ऊस उन्हांत पडून राहिला, कीं रसांतील आम्ल व विकर ह्यांच्या साह्यानें पाणी ही जोडी फोडतें. ३४२ ग्रॅम साखर १८ ग्रॅम पाणी घेते व प्रत्येकी १८० ग्रॅमच्या दोन शर्करा होतात. गोडी उरते; पण ह्या शर्करा सहसा दाणा धरीत नाहींत. त्यामुळें साखरेचा उतारा घटतो आणि गूळ पाघळतो. रसांत चुना घालतात, तोही आम्ल मारून हें विच्छेदन थोपविण्यासाठीं.

बीड जिल्ह्यांतील सहस्रावधि मजूर दरवर्षीं परमुलखांत ऊसतोडीस जातात. तोडलेल्या मोळ्या त्यांस रात्रीं-अपरात्रीं, थंडींत गाडींत भराव्या लागतात. त्या घाईचें एक कारण हेंच होय. चहांत साखर घालतांना आपण त्या हातांचेंही स्मरण ठेवूं या.