स्टील गिटारवरील हार्मोनिक : थोडे गणित, थोडा रियाज

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवत वाजवायची ती स्टील किंवा हवाईयन गिटार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी ही पद्धत रूढ केली. आपल्याकडे व्हॅन शिप्ली यांनी चित्रपटगीतांच्या धुनांतून ती लोकप्रिय केली, तर १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेमुळे ब्रिजभूषण काब्रा यांची रागदारी गिटार सर्वतोमुखी झाली.

या वाद्याचा घंटेसारखा नाजूक स्वर म्हणजे हार्मोनिक. तो संथ लयीत साधतो. द्रुत लयीत मात्र हात मागे पडतो. माझ्या गावात हे वाद्य शिकवणारे कोणी नाही. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. उचलीच्या पैशांत पुण्यामुंबईची शिकवणी बसत नाही. तेव्हा तारेलाच गुरू मानले. माझ्यासारख्या इतरांना उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

छेडलेली तार संपूर्ण तर हलतेच, शिवाय अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्शांतही कंप पावते. बरोबर मध्यावर नुसता स्पर्श ठेवून ती छेडली, की मूळ स्वर दबतो आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर उमटतो. तिसऱ्या हिश्शावर स्पर्श केला तर वरच्या सप्तकातला पंचम मिळतो. तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधारही याच कुळातला. तो पाचव्या हिश्शाचा.

गिटारवर डाव्या हातात बार असतो. म्हणून उजव्या तळहाताची करंगळीकडील कड तारेवर हलके टेकवायची, अंगठ्याने छेडायचे आणि लगेच हात उचलायचा. हात रेंगाळला तर स्वर मरतो. आधीच उचलला तर मूळ स्वरच वाजतो.

स्पर्शाची जागा बारच्या पुढे बारा खुणांवर, म्हणजे बार आणि घोडी यांच्या मध्यावर असते. बार तिसऱ्या खुणेवर, तर स्पर्श पंधराव्या. पण द्रुत लयीत खुणा मोजायला सवड कुठली? येथे गणित कामी येते. घोडी जागची हलत नाही. म्हणून बार दोन इंच सरकला, तर मध्य एकच इंच सरकतो. पंचवीस इंचांच्या तारेवर बार पाचव्या खुणेवरून सातव्या खुणेवर नेला, की डावा हात सुमारे दोन इंच जातो, उजव्याने एकच इंच जायचे. डाव्याच्या निम्मे, हे एकच सूत्र हाताला लावून घ्यावे.

दुसरी युक्ती हात न हलवण्याची. सा-ग-प अशा मेळात तारा लावल्या असतील, तर बार एकाच जागी ठेवून तळहाताची कड सरळ आडवी धरावी. शेजारच्या तारा एकेक छेडल्या की तीन-चार हार्मोनिक झरझर निघतात. द्रुत जागांसाठी असेच स्वरसमूह निवडावेत.

रियाज त्रितालाच्या ठेक्यावर करावा. प्रथम ठाय लयीत मात्रेला एक स्वर, प्रत्येक स्वर स्वच्छ आल्यावरच दुगुन, मग चौगुन. डोळे मिटून वाजवले की चूक कानाला लवकर कळते. वीज गेली तर उत्तमच. ध्वनिवर्धकाशिवाय जो हार्मोनिक ऐकू येतो, तोच खरा.

शिकवणीवाचून सारेच साधेल, असे मी म्हणत नाही. गुरूची जागा गणित घेऊ शकत नाही. पण गुरू भेटेपर्यंत वाद्य धूळ खात पडू नये, इतका आधार ते निश्चित देते.